आंधळी नळी

अन्साक्काच्या सुरेखाचं लग्न झालं ते सत्त्याऐंशी सालच्या चैत्रात. त्याच्या आधीच्या पौषात आम्ही खरसुंडीच्या जत्रेत होतो. दुपारचा खेळ संपवून अन्साक्का विहिरीच्या तळाला उतरली आणि गाडी माझ्या अंगावर लोटत म्हणाली,

“पेट्रोल गळतंय. बघ.”

मी वाकलो. टाकीच्या कॉकपासून कार्बोरेटरला जाणारी नळी वरच्या तोंडाशी चिरली होती. एकेक थेंब तापल्या इंजिनावर पडत होता आणि पडल्या पडल्या उडून जात होता. मी कॉक फिरवून बंद केला.

“वर असतानाच नाकात गेला वास,” ती म्हणाली.

“मग तवाच खाली यायचं न्हाई?”

ती माझ्या तोंडाकडं बघत होती. “लोकं काय वास घ्यायला आल्यात? खेळ बघाय आल्यात.”

“अगं, पेटली असतीस!”

“पेटले असते तर टाळ्या जास्त पडल्या असत्या,” असं म्हणून ती हसली. पण हसता हसता तिनं ती चिरलेली नळी ओढून काढली, दोन बोटांत धरून वाकवली, सोडली, पुन्हा वाकवली. नळी पूर्वी काचेसारखी स्वच्छ होती. आता चहासारखी पिवळी पडली होती, तरी आतलं पेट्रोल दिसायचं.

“हीच आण,” ती म्हणाली. “अशीच. आतलं दिसणारी. दुसरी कसली आणू नको, गुण्या. ऐकलंस का?”

लोक त्याला मौत का कुआ म्हणतात. आम्ही नुसती विहीर म्हणायचो. उभ्या फळ्या जोडून केलेली गोल भिंत, तळाला थोडा उतार, वर कठडा, आणि कठड्याला पोट टेकून खाली बघणारी माणसं. गाडी आधी तळात फिरते, मग उताराला लागते आणि उतारावरून उभ्या भिंतीवर चढते. वेग आहे तोवर ती भिंतीला धरून राहते. वेग गेला की माणूस आणि गाडी दोन्ही खाली. हैबती मालकांच्या विहिरीत अन्साक्का जावा मोटरसायकल फिरवायची आणि ती जावा मी सांभाळायचो. आमचे वडील, आण्णा, सर्कशीत सायकलचे खेळ करायचे. आम्ही दोघं तंबूत वाढलो, शाळेत कुणी गेलं नाही.

जावा तेव्हाच म्हातारी झाली होती. कार्बोरेटरवरचं झाकण आम्ही काढून टाकलं होतं, सायलेन्सरच्या आतलं सगळं उपसलं होतं. लोकांना आवाज लागतो. त्या लाकडी पिंपात तो आवाज असा घुमायचा की कठड्यावरची पोरं कान दाबून रडायला लागायची. म्हणून आमच्यात कुणाला हळू बोलायची सवय नव्हती. मीठ मागायचं तरी आम्ही ओरडून मागायचो.

अन्साक्काचा एक खेळ मी दुसऱ्या विहिरीत कधी पाहिला नाही. भिंतीवर अगदी वर, कठड्याला लागून फिरत असताना ती डावा हात खाली घालून पेट्रोलचा कॉक बंद करायची आणि तो रिकामा हात लोकांना दाखवायची. टाकीतलं पेट्रोल बंद झालं तरी नळीत आणि कार्बोरेटरच्या वाटीत जे उरलेलं असतं, तेवढ्यावर गाडी काही चकरा मारते. ते संपायच्या आत उतारावर यायचं. लवकर आली तर लोक हिरमुसायचे. उशीर तिला कधी झाला नव्हता.

जावासारख्या गाडीचं एक आहे. पेट्रोल संपत आलं की ती दमत नाही, उलट चेकाळते. आवाज बारीक होतो, वर चढतो, गाडी पुढं ओढ घेते आणि मग एकदम मरते. हाताला वाटतं गाडीला जोर आला. कानाला कळतं की संपलं. त्या गाडीबरोबर ज्यानं एक मोसम काढलाय त्याला तो आवाज झोपेतही ओळखू येईल. मला वाटायचं, अक्का त्याच आवाजावर उतरते.

“गुणाप्पा!” वरून कठड्यावरून हैबती मालकांची हाक आली. “संध्याकाळच्या खेळाला गाडी पायजे. माणदेशातली सगळी बैलं आज उतरल्यात खाली, आणि बैलांच्या मागं माणसं. कॉक बंदचा खेळ झाल्याशिवाय एकबी हलायचा न्हाई.”

“नळी आणाय लागंल, मालक. विट्याला जायाला पायजे.”

“मग अजून हितं का हुभा? जा की!”

मी निघालो तेव्हा अक्का तंबूच्या मागं येरझाऱ्या घालत होती. तिला कधी निवांत बसलेली बघितलीच नाही मी. जेवायची तीसुद्धा ताटली हातात घेऊन उभ्यानं. त्या दिवशी मात्र तिच्या पायात काही वेगळंच होतं. माझ्यामागं एस्टीपर्यंत आली, आणि गाडी हलली तरी दोन बोटं ताणून नळी दाखवत राहिली.

विट्याला स्टँडसमोर म्हेत्र्यांचं पार्टचं दुकान होतं. म्हेत्रे जाडजूड माणूस, मांडीवर पेपर घेऊन बसलेला.

“कुठली गाडी?”

“जावा.”

“कुठलं मॉडेल?”

“म्हातारं.”

“म्हाताऱ्या गाड्यांचीच माणसं येतात माझ्याकडं,” ते म्हणाले. “नव्या गाडीवाली हात हलवून पुढं जातात.” आणि खिळ्याला लटकलेल्या नळ्यांची वेटोळी त्यांनी माझ्यापुढं टाकली.

पहिली आतलं दिसणारी. अक्कानं सांगितलेली. मी ती बोटाभोवती वळवली आणि सोडली. वळवली होती तिथं पांढरी रेघ उमटली.

“उन्हात होती का ही?”

“दारातच लटकतीय गेल्या उन्हाळ्यापासनं. दुसरी न्हाई. ताजी पायजे तर सांगलीला जावा.”

सांगली गाठून परत यायचं तर संध्याकाळचा खेळ हातचा गेला असता. मी ती नळी पुन्हा दाबली. ती लाकडागत झाली होती. गरम इंजिनाशेजारी दोन खेळ निघाले असते, कदाचित तेवढेही नाही. वर्षापूर्वी दुसऱ्या एका विहिरीत एक पोरगा असाच भिंतीवर पेटला होता. त्याला खाली उतरायलाही जमलं नव्हतं, कारण थांबला असता तर पडला असता, आणि फिरत राहिला तर वाऱ्यानं जाळ वाढत होता. मी त्या जत्रेत होतो. तो वास माझ्या नाकातून गेला नव्हता.

दुसरी नळी लाल रबराची.

“ही शेगडीची,” मी म्हणालो.

“गाडीलाबी चालती.”

“पेट्रोलात फुगून तिचं आतडं होईल, शेट.”

म्हेत्रे हसले आणि तिसरी पुढं सारली. काळी, जाड, रबराच्या पोटात सुताची वीण. तिच्यावर पांढरी अक्षरं छापली होती. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं.

“पेट्रोलची हाय,” म्हेत्रे म्हणाले. “लिवलंय बघ वर.”

“लिवलेलं असू दे. थोडं पेट्रोल हाय का तुमच्यात?”

“तू नळी घ्याय आलायस का माझी परीक्षा घ्याय?”

पण त्यांनी बाटलीच्या टोपणात पेट्रोल दिलं. मी काळ्या नळीचा तुकडा त्यात बुडवून ठेवला आणि त्यांनी मागवलेला चहा प्यालो. तुकडा काढून दाबला. तसाच्या तसा. बोटाला काळं लागलं नाही. एक टोक तोंडात धरून दुसरं बोटानं बंद केलं आणि हवा ओढली. नळी चपटी झाली नाही. दहा वर्षं निघेल अशी वस्तू होती.

“अक्कानं आतलं दिसणारी सांगितलीय,” मी स्वतःशीच म्हणालो.

“अक्का गाडीवर बसती का दुरुस्त करती?”

“बसती.”

“मग तिला काय करायचंय नळीशी?”

मला ते पटलं. मी काळी घेतली, नव्या क्लिपा घेतल्या आणि स्टँडवर येऊन उभा राहिलो. एस्टी येईना. आली ती भिवघाटात मेंढरांच्या कळपामागं मुंगीच्या पावलांनी चालली. मी दारात उभा राहून ड्रायव्हरला म्हणालो, “हॉर्न तरी वाजवा.” तो म्हणाला, “मेंढरास्नी हॉर्नचा अर्थ कळत असता तर ती मेंढरं झाली असती का? बस खाली.” पण मला बसवेना. कधी एकदा नळी बसवून अक्काला गाडी देतो असं झालं होतं.

उन्हं कलली होती. जत्रेत बत्त्यांची जोडाजोड चालली होती. अक्का विहिरीमागं गाडीशेजारी उभी होती, खेळाची विजार आणि बूट घालून. मी पिशवीतून नळी काढली. तिनं ती हातात घेतली, उजेडाकडं धरली, उलटी केली, टोकातून आत बघितलं.

“ही काय आणलीस?”

“चांगली हाय. दुसरी वाळून लाकूड झालती. फुटली असती.”

“तुला मी काय सांगितलं हुतं?”

“अगं, ही मजबूत—”

“ही आंधळी हाय!” ती ओरडली. “आंधळी नळी आणलीस तू माझ्यासाठी. ह्यातनं काय दिसतं? काय दिसतं ते सांग मला!”

“बघायचंय कशाला? बारीक आवाज झाला की उतरायचं. इतकी वर्षं उतरतीस तशी.”

तिनं नळी माझ्या पायाशी टाकली आणि पाठ फिरवून बुटाचे बंद आवळायला खाली बसली.

मलाही राग आला होता. सगळी दुपार एस्टीत उभा राहून आणलेली वस्तू अशी मातीत पडलेली. मी ती उचलली, पुसली, मापानं कापली आणि कॉक ते कार्बोरेटर बसवून क्लिपा आवळल्या. कुठं पाझरत नाही ना बघावं म्हणून किक मारली. गाडी एका किकेत लागली. त्या आवाजावर आवाज चढवून अक्का माझ्याकडं पाठ करूनच मला झाडायला लागली.

“लहानपणापास्नं असाच हाईस तू! सांगितलेलं करायचं न्हाई, आपलंच शहाणपण! आण्णांनी सायकलची साखळी सांगितली तर दोरी घिऊन आलतास!”

मी ऐकून घेतलं. नळी कोरडी होती. मग कॉक बंद करून किती वेळ चालते ते बघावं म्हटलं. कॉक फिरवला. गाडी चालत राहिली. अक्काचं तोंडही चालत राहिलं.

“सुरेखाच्या सासरची माणसं उद्या जत्रेला येणार हाईत, ठावं हाय ना? त्यांच्या म्होरं मी खाली पडू? चालंल तुला?”

आवाज बारीक झाला. वर चढला. गाडी स्टँडवरच थरथरून पुढं सरकायला बघू लागली, आणि मेली.

एकदम शांत झालं. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज यायला लागला. शेजारच्या पालात कुणीतरी खोकलं.

“मालक म्हणत्याल, बाईला भ्या वाटाय लागलं!” अक्का त्याच सुरात, पाठमोरी, गाडीच्या आवाजावर आवाज चढवून ओरडत होती. गाडीचा आवाज नव्हता. “भ्या मला न्हाई वाटत! मला फकस्त दिसाय पायजे, एवढंच मागितलं हुतं मी!”

पोराला कडेवर घेऊन चाललेली एक बाई थांबून तिच्याकडं बघायला लागली. हातातला पाना मी पत्र्याच्या डब्यात टाकला. मोठा आवाज झाला. त्या बाईचं पोर दचकलं. अक्काची मान हलली नाही.

उत्तर का येत नाही म्हणून तिनं वळून बघितलं. माझे हात गाडीवर नव्हते. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग चाकाकडं, मग पुन्हा माझ्याकडं.

“बंद हाय?” तिनं विचारलं. आवाज एकदम खाली आला होता. “गाडी बंद हाय?”

मी हो म्हणून मान हलवली.

ती उठली, जवळ आली, टाकीवर हात ठेवून बघितला. मग हात काढून घेतला.

“कधीपासनं?” मी विचारलं.

“हळूहळू गेलं. उजवा आधी. डाव्यानं माणसाचं बोलणं येतं अजून, समोर उभं असलं तर. थोडं कानानं, थोडं तोंड बघून.” ती घाईघाईनं बोलत होती, जणू बोलून टाकलं की संपेल. “विहिरीत काय न्हाई येत. विहिरीत सगळं अंगाला कळतं नुसतं. आणि अंगाला खोटं कळतं, गुण्या. मरायच्या आधी गाडी अशी वढती की वाटतं अजून लई हाय.”

“मग कसं उतरत हुतीस तू?”

तिनं काळ्या नळीवर बोट ठेवलं. “त्यात बघून. नळी रिकामी झाली की वाटीत किती चकरांचं उरतं ते माझ्या ध्यानात हाय.”

तेवढ्यात माइक खरखरला. हैबती मालकांनी सुरू केलं होतं. “या, या, या! नवरा सोडला तरी चालंल, हा खेळ सोडू नका! टाकीचं पेट्रोल बंद, बाईचं काळीज चालू!”

“काय म्हणत्यात?” तिनं विचारलं.

“बोलवाय लागल्यात लोकांना.”

“मालकांना सांगू नको.”

“कॉक बंद करू नको आज. नुसती फीर आणि उतर.”

“आणि उद्या? परवा? न्हाई केलं की इचारत्याल, का न्हाई केलं. कळलं की मला खाली बसवत्याल. तिकिटाच्या खिडकीत.” तिनं माझा दंड धरला. “मला बसवत न्हाई रं एका जागी. तुला ठावं हाय. मरंन मी त्या खिडकीत.”

मी काळी नळी पुन्हा सोडवली. हातात घेऊन उभा राहिलो. विट्याची दारात वाळलेली नळी डोळ्यांपुढं आली. ती आणली असती तर अक्काला दिसलं असतं आणि अक्का पेटली असती. ही आणली, तर पेटणार नव्हती, पण भिंतीवरून पडली असती. दोन्हींतली एक मी निवडली होती, आणि निवडताना कशाच्या बदल्यात काय देतोय हेच मला माहीत नव्हतं.

शेजारच्या पालात पुन्हा कुणीतरी खोकलं, आणि मी तिकडं धावलो.

ते इमामचाचांचं पाल होतं. चाचा काचेची खेळणी करायचे. समोर जळता दिवा, त्यावर काचेची नळी धरून फुंकर घालायची, की हंस, मोर, हरणं तयार. नळ्यांचा भारा त्यांच्या मांडीशी पडलेला असायचा. इतक्या जत्रांत शेजारी उतरलो, पण तो भारा मी कधी नीट बघितला नव्हता.

“चाचा, बोटाएवढा तुकडा पायजे. दोन्ही तोंडं उघडी.”

“मोर करून देतो की. पोरीचं लगीन हाय ना तुमच्यात?”

“मोर नको. पेट्रोल जायचंय त्यातनं.”

चाचांनी माझ्याकडं बघितलं. “माझ्या काचेतनं अत्तर गेलंय,” ते म्हणाले. “एकदा एका हकिमाची औषधं गेल्यात. पेट्रोल पहिल्यांदाच.”

“टिकंल का?”

“धक्का लागला तर न्हाई टिकणार. काच हाय ती.”

“जाड द्या. आणि दोन्ही तोंडाला थोडा फुगवटा. वरनं चढवलेलं रबर सुटाय नको.”

त्यांनी जाड नळी निवडली, जाळावर फिरवून तोडली, दोन्ही टोकं लाल होईतोवर धरली आणि हलकेच फुगवली. मी हात पुढं केला तर त्यांनी माझा हात मागं सारला आणि तुकडा राखेत पुरला.

“आता राहू दे.”

“चाचा, खेळ चालू व्हायलाय!”

“घाईनं काढशील तर आत्ता चांगली दिसंल आणि वर गेल्यावर तडकंल. थांब.”

मी थांबलो. माइकवर मालक बैलांवर विनोद करत होते. जिना चढणाऱ्या माणसांची पावलं विहिरीच्या फळ्यांवर वाजत होती. राखेतून तो तुकडा निघेना. अक्का पालाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली, पुन्हा गेली, पुन्हा आली. मी तिच्याकडं बघायचं टाळलं, मग आठवलं की आपण बघितलं नाही तर तिला आपलं बोलणं कळत नाही. मी तिच्याकडं तोंड केलं आणि म्हणालो, “होतंय. होतंय आता.”

काच गार झाली. मी काळ्या नळीचे दोन तुकडे केले, मध्ये काच बसवली, दोन्हीकडं क्लिपा आवळल्या, आणि नळी जरा ढिली ठेवून गाडीला बसवली, म्हणजे हादरा रबरानं खावा. कॉक उघडला. तांबूस पेट्रोल काचेत उतरलं आणि भरून थांबलं. अक्का गुडघ्यावर बसून बघत होती.

“फुटली तर?” मी म्हणालो.

“फुटली तर मला दिसंलच की,” ती म्हणाली, आणि गाडी घेऊन विहिरीच्या दारातून आत गेली.

मी कठड्यावर चढलो. माणसांच्या खांद्यांतून वाट काढून पुढं आलो. खाली अक्का तळात फिरली, उताराला लागली, भिंतीवर आली. फळ्या हादरायला लागल्या. कठडा माझ्या हाताखाली थरथरत होता आणि मला त्या काचेशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. बत्त्या लागल्या होत्या. ती समोरून जाई तेव्हा काच क्षणभर चमकायची. त्या चमकेत आतलं पेट्रोल दिसत असेल का, की नुसती बत्ती दिसत असेल, हे मी तिला बसवून बघितलंच नव्हतं.

“बघा!” मालक ओरडले. “हात बघा बाईचा!”

अक्कानं कॉक बंद केला आणि हात वर केला. लोकांनी आरोळी दिली. ती फिरत राहिली. मान खाली, नजर गुडघ्याशी. एक चक्कर. आणखी एक. आणखी.

मग आवाज बारीक झाला.

मला वाटलं मलाच भास झाला. पण नाही, तो चढायला लागला होता. गाडीनं ओढ घेतली. माझ्या शेजारचा एक पटकेवाला दुसऱ्याला कोपर मारून म्हणाला, “बघ की लेका, बिनपेट्रोलची जास्त पळाय लागली!”

“अक्का!” मी ओरडलो. उपयोग नाही हे माहीत असूनही ओरडलो. ती माझ्या हाताखालून गेली. नजर तिथंच, काचेवर.

ती समोरच्या बाजूला पोचली आणि तिचा खांदा खाली गेला. गाडी भिंतीवरून घसरत, वळत उतारावर आली, आणि तिथंच इंजिन मेलं. नुसती चाकं वाजत राहिली. मग तीही थांबली. अक्का तळाच्या मध्यावर एक पाय टेकून उभी होती आणि वर बघून हात हलवत होती. लोक किती ओरडत होते ते मी सांगू शकत नाही. तिच्या तोंडावर मात्र काही नव्हतं. ती माणसांच्या उघड्या तोंडांकडं बघत होती.

मी खाली धावलो. “आज उशीर केलास तू. आवाज बारीक झालता.”

“काचेच्या खालच्या रबरात किती मावतं, ते कुठं दिसतं?” ती धापा टाकत म्हणाली. “अदमासानं एक चक्कर वाढवली. उद्या न्हाई वाढवायची.”

हैबती मालक आत आले. गाडीशी वाकले. काचेला बोट लावून बघितलं.

“हे काय रं?”

“गाळ दिसतो, मालक. पेट्रोलात गाळ यायलाय हल्ली.”

मालक माझ्याकडं बघत राहिले. अक्का पाठमोरी होऊन हातमोजे काढत होती. मालक नेहमी माइकवर ओरडणारा माणूस, पण तेव्हा त्यांनी तिला अगदी साध्या आवाजात हाक मारली. “अन्साबाई.”

ती वळली नाही.

मालकांनी पुन्हा हाक मारली नाही. गाडीच्या टाकीवर थाप मारली. “बरं केलंस,” मला म्हणाले. “गाळ दिसाय पायजे.” आणि निघून गेले. पुढं त्यांनी तो विषय कधी काढला नाही, आणि त्या दिवसानंतर अक्काशी बोलायचं असलं की ते चालत जाऊन तिच्या समोर उभे राहायचे.

सुरेखाचं लग्न ठरल्याप्रमाणं चैत्रात झालं. अक्का त्यानंतरही फिरली. मालकांनी विहीर मोडून फळ्या विकल्या तेव्हाच ती गाडीवरून उतरली. जावा मी ठेवून घेतली. काच मी प्रत्येक जत्रेत बदलायचो, इमामचाचा दिसले की पाच-सहा तुकडे करून घ्यायचो.

आम्ही मिरजेजवळ खोली घेऊन राहिलो. तिथं शाळेत संध्याकाळी साक्षरतेचा वर्ग निघाला. पहिल्या दिवशी अक्का गेली, एकटीच. परत आली ती हातात पाटी घेऊन.

“तूबी यायचं उद्या,” ती म्हणाली.

“ह्या वयात? माझी दाढी पांढरी झाली, अक्का.”

“माझी नजर अधू व्हायलीय. उद्या तुझं तोंड दिसंना झालं तर मला काय बोललास ते कसं कळंल? मोठं अक्षर काढायला शीक. मोठं दिसंल मला.”

मी गेलो. तिच्यापेक्षा हळू शिकलो, पण शिकलो. काही वर्षांनी माझेही कान गेले, विहिरीनं कुणाचेच ठेवले नव्हते, आणि मग खोलीत दोन पाट्या झाल्या. भाजीत मीठ कमी पडलं इथपासून सुरेखाच्या पोरांच्या परीक्षांपर्यंत सगळं आम्ही पाटीवर बोलायचो. भांडण झालं की ती उठायची, माझी पाटी ओढून पदरानं पुसायची आणि खोलीत येरझाऱ्या घालायला लागायची. कधी कधी ती जावाजवळ जाऊन उभी राहायची, कॉक उघडायची आणि काच भरेपर्यंत बघत राहायची.

अन्साक्का दोन हजार अकरा साली, आखाडात, मिरजेच्या सरकारी दवाखान्यात वारली.